पाण्याच्या वाटेने कान्हेरी: बोरिवलीच्या नॅशनल पार्कातला एक दिवस

"नॅशनल पार्कला जायचंय, काय काय बघू?" असं मुंबईतल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाबद्दल कोणी विचारलं की पूर्वी मी यादीच देत असे. सफारी, कान्हेरीची बौद्ध लेणी, गांधी टेकडी, होड्या, फुलपाखरं. यादी घेऊन गेलेली माणसं संध्याकाळी दमून आणि थोडी चिडून परत यायची. सफारीच्या रांगेत सकाळ गेलेली, कान्हेरीला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर, आणि लेणी बघताना मुलांचं एकच पालुपद, "घरी कधी जायचं?"

आता मी यादी देत नाही. एकच सांगतो: सकाळी लवकर आत शिरा, कान्हेरीपर्यंत चालत जा, आणि जाताना पाणी कुठून येतंय, कुठे जातंय, कुठे अडवलंय एवढं बघत जा. हे जंगल टिकलं ते बऱ्याच अंशी पाण्यामुळे. डोंगरातली लेणी वसली तीही पाण्याच्या जोरावर. हा धागा हातात असला की नदी, तलाव, झाडं, लेणी हे सगळं एकाच गोष्टीचे तुकडे वाटतात. सफारी करायची असेल तर खुशाल करा, पण तिच्यासाठी दुसरा दिवस ठेवा.

आधी दिवस ठरवा

सोमवारी पार्क बंद असतं. एवढी साधी गोष्ट, पण सोमवारची सुट्टी टाकून गेटपर्यंत आलेली माणसं मी स्वतः पाहिली आहेत. रविवार आणि सणाची सुट्टी टाळता आली तर टाळा. मंगळवार ते शुक्रवारातली एक सकाळ मिळाली, तर रस्त्यावर तुम्ही आणि पक्षी एवढेच असता.

महिना कोणता, यावर बरंच काही ठरतं. चालण्याला सगळ्यात सोपा काळ नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. हवा कोरडी असते, सकाळी किंचित गारवा असतो आणि हिवाळी पाहुणे पक्षी आलेले असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते. पुष्कळांना तेव्हा जंगल ओकंबोकं वाटतं, पण माझा आवडता काळ तोच. पानं नसल्यामुळे पक्षी दिसतात, आणि त्या उघड्या फांद्यांवर पळस, पांगारा, काटेसावर एकामागोमाग पेटतात. काटेसावर फुललेली दिसली की खाली उभं राहून दहा मिनिटं नुसतं वर बघा. मैना, बुलबुल, कोतवाल, सूर्यपक्षी, वानरं, सगळी एकाच झाडावर जेवायला आलेली असतात. एप्रिल-मेमध्ये बहावा आणि ताम्हण फुलतात, पण मुंबईचा घामट उन्हाळा सात किलोमीटर चालणाऱ्याला सुखाने चालू देत नाही. त्या दिवसांत सकाळी दहाच्या आत लेण्यांत पोचायचा निश्चय असेल तरच निघा.

पावसाळ्याबद्दल वेगळं सांगावं लागेल. पाण्याची गोष्ट बघायची तर खरा काळ तोच, कारण कान्हेरीच्या कातळावरून पाणी वाहताना तेव्हाच दिसतं. पण गर्दीही तेव्हाच उसळते आणि शेवाळलेला काळा दगड कुणाचीच गय करत नाही. मी मधला मार्ग काढला आहे. धुवांधार जुलै सोडून द्यायचा आणि सप्टेंबरात, पाऊस उघडझाप करत असताना जायचं. ओढे वाहत असतात, धबधब्यात भिजायला आलेली झुंबड ओसरलेली असते. नशीब असेल तर याच सुमारास कारवी फुललेली सापडते. ती साधारण सात-आठ वर्षांतून एकदाच एकत्र फुलते. २०१६ मध्ये इथले उतार जांभळे झाले होते.

गेटपर्यंत

मुख्य गेट बोरिवली पूर्वेला, वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेला लागून. लोकलने आलात तर बोरिवलीला फास्ट गाड्याही थांबतात. पूर्वेला बाहेर पडून रिक्षा करा किंवा पंधरा-वीस मिनिटं चाला. मेट्रोने येणाऱ्यांनी लाल मार्गिकेवरच्या "राष्ट्रीय उद्यान" स्थानकावर उतरावं. तिथून गेट चालण्याच्या अंतरावर आहे. स्वतःची गाडी आणायच्या मोहात पडू नका, पार्किंग शोधण्यात सकाळचा सोन्यासारखा अर्धा तास जातो.

पार्काला बोरिवलीचं म्हणतात खरं, पण त्याच्या जवळपास १०४ चौरस किलोमीटरपैकी मोठा वाटा ठाणे जिल्ह्यात आहे. ठाणेकरांना येऊरची बाजू जवळ, घोडबंदर रस्त्यावरून नागला ब्लॉक. त्या बाजूही सुंदर आहेत, नागल्याला तर खाडीची खारफुटीही बघायला मिळते. पण कान्हेरी करायची तर बोरिवलीचंच गेट.

गेटवर साडेसातच्या सुमारास पोचायचं लक्ष्य ठेवा. सकाळी फिरायला येणारे त्याहून आधी आत असतात. तिकिटाबाबत एक गोंधळ नेहमी होतो. पार्क वनखात्याचं, तर लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात. म्हणून गेटवरचं तिकीट वेगळं आणि लेण्यांच्या पायथ्याचं वेगळं. लेण्यांवर १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. दुसरं तिकीट पुढ्यात आलं की "एकदा दिलं ना पैसे!" म्हणून तिथल्या माणसाशी वाद घालणारे रोज असतात. आपण त्यांत नसावं.

पिशवीत काय

माणशी दोन लिटर पाणी. पाण्याच्या शोधात निघालेल्या माणसाने पाणी विसरावं यासारखा विनोद नाही. मी एकदा अर्ध्या लिटरची बाटली घेऊन गेलो होतो आणि परतीच्या बसची वाट बघताना घशाला पडलेली कोरड अजून आठवते. बाटली स्टीलची घ्या, किंवा पुन्हापुन्हा वापरता येईल अशी. प्लास्टिकच्या पिशव्या, सिगारेट, गुटखा, दारू आत चालत नाही.

तळाला पकड असलेले बूट हवेत. चपलांवर रस्ता निभावतो, पण लेण्यांच्या झिजलेल्या पायऱ्यांवर त्या दगा देतात. टोपी, एक छोटी टॉर्च आणि असेल तर दुर्बीण. टॉर्च लेण्यांच्या आतल्या भिंतींसाठी लागते. मोबाइलचा दिवा चालतो, पण मग परतीला मोबाइलची बॅटरी चालत नाही. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे. अत्तर, डिओ घरीच. डबा घ्याच, पण घट्ट झाकणाचा आणि पिशवीच्या तळाशी, बाहेरून दिसणार नाही असा. कारण पुढे माकडांच्या प्रकरणात येईलच.

पहिला टप्पा: नदी

आत शिरल्यावर थोड्याच अंतरावर दहिसर नदी भेटते. मुंबईत जन्म गेलेल्या कित्येकांना या शहराला नद्या आहेत हेच ठाऊक नसतं. नाला म्हणून जो नाक दाबून ओलांडतो तो पुष्कळदा नदी असतो. दहिसर, पोयसर, ओशिवरा या तिन्ही याच डोंगरांतून निघतात. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून सुरू होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीने शहर बुडवलं, तेव्हा तिची ओळख सगळ्यांना झाली. दहिसर तुळशी तलावाकडून येते, पार्कातून वाहत बाहेर पडते आणि मनोरीच्या खाडीला मिळते. बाहेर तिचं काय होतं ते दहिसरच्या पुलावर उभं राहिलं की कळतं. इथे आत ती अजून नदी आहे, म्हणून पहिला थांबा इथे घ्या.

पाच-सात मिनिटं काठावर उभे राहा. खंड्या दिसेल. एखादा बगळा गुडघाभर पाण्यात ध्यान लावून असेल. कोरड्या महिन्यांत पाणी डबक्यांपुरतं उरतं, पण तेव्हाच जवळपासचे पक्षी त्या डबक्यांवर गोळा होतात. पावसात मात्र पात्रात उतरू नका. डोंगरात वर सर आली की इथलं पाणी बघता बघता चढतं, आणि वर सर आली हे खाली उभ्या असलेल्याला कळतही नाही.

गांधी टेकडी गेटापासून जवळच आहे. सोबत वयस्कर मंडळी असतील आणि कान्हेरीचं चालणं झेपणार नसेल, तर नदीकाठ आणि टेकडीवरचं स्मारक एवढ्यात त्यांची सकाळ छान जाते. मग कान्हेरीला त्यांना आतल्या बसने आणायचं. वेळ ठरवून पायथ्याशी भेटा. मोबाइलला रेंज असेलच असं समजू नका.

दुसरा टप्पा: कान्हेरीचा रस्ता

गेटापासून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर डांबरी रस्ता आहे, हळूहळू चढत जाणारा. न थांबता चाललात तर दीड तास. थांबत, बघत गेलात तर दोन ते सव्वादोन. दुसराच हिशोब धरा. सायकल भाड्याने मिळते आणि पुष्कळ जण तीच घेतात. माझं मत विचाराल तर जाताना चाला, येताना बस. सायकलवर नजर रस्त्यावर राहते आणि चढ लागला की जंगलाऐवजी स्वतःच्या श्वासाकडेच लक्ष जातं.

चालताना डांबर सोडून आत पायवाटांवर घुसू नका. शिलोंड्यासारख्या आतल्या वाटा आहेत, ओढ्याच्या काठाने जाणाऱ्या आणि फार देखण्या. पण त्या पार्काच्या निसर्ग माहिती केंद्राकडून परवानगी घेऊन, वाटाड्यासोबत करायच्या. त्या नंतर कधीतरी. पहिल्या खेपेला हा रस्ताच पुरेसा आहे, कारण तो दोन्ही बाजूंनी जंगलातूनच जातो.

डोळ्यांआधी कान लावा. "टुक-टुक-टुक" असा तांबटाचा हातोडा. "कुटर्र-कुटर्र" करणारा कुटुर्गा, जो ऐकू येतो शंभर वेळा आणि दिसतो एकदा. ओढ्याजवळ कुणीतरी बेसूर, रेंगाळत शीळ घालतंय असं वाटलं तर तो शीळकरी कस्तुर. शाळेतून उशिरा घरी निघालेला मुलगा आपल्याच तंद्रीत शीळ घालत जावा, तशी ती शीळ असते. स्वर्गीय नर्तकाचा नर पांढऱ्या फितीसारखी शेपटी नाचवत समोरून गेला, तर बरोबरची माणसं पुढचा अर्धा तास दुसरं काही बोलत नाहीत. पार्कात अडीचशेहून जास्त जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. सगळे ओळखायच्या मागे लागू नका. दिवसात पाच नीट बघितले तरी भरपूर.

झाडांत साग, ऐन, कळम, हेदू, कुसुम भरपूर. कांडोळ मात्र शोधाच. पांढरट, गुळगुळीत खोडाचं झाड, उन्हाळ्यात पानं गेली की चांदण्यात भुतासारखं दिसतं. आपण चांदण्यात इथे नसतो, पण दिवसाही त्याच्याकडे बघून इंग्रजीत त्याला "घोस्ट ट्री", भुताचं झाड, का म्हणतात ते कळतं. फुलपाखरांसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. काळ्या पंखांवर निळी झाक असलेलं मोठं निलवंत, जे २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे, ते या रस्त्यावर सहज भेटतं. याच दिवसांत झाडांमध्ये कोळ्यांची हातभर रुंद जाळी ताणलेली असतात. सकाळी सगळ्यांत पुढे चालणाऱ्याच्या तोंडावर एक तरी जाळं चिकटतंच. पुढे कोणाला चालवायचं ते तुम्ही ठरवा.

वाटेत वारली पाड्यांतल्या बायका काकडी, आवळे, बोरं, चिंचा घेऊन बसलेल्या दिसतील. घ्या, पण खाऊन तिथेच संपवा. हातात फळ घेऊन पुढे चालणं म्हणजे माकडाला आवतण.

या पट्ट्यात तुळशी तलाव जवळ आहे, पण तो आणि विहार दोन्ही बंदिस्त आहेत, तिथे जाता येत नाही. चिडायचं कारण नाही, त्या बंदीनेच आपलं भलं केलं आहे. मुंबईला नळाने पाणी देण्यासाठी विहारचा तलाव १८६० मध्ये बांधून झाला, तुळशीचा १८७९ मध्ये. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांपैकी शहराच्या हद्दीत असलेले हे दोनच. आता शहराची तहान मुख्यतः भातसा, वैतरणा, तानसा भागवतात आणि या दोघांचा वाटा थोडा उरला आहे. पण तलावात गढूळ पाणी येऊ नये तर वरच्या उतारावरचं रान राखावं लागतं, आणि राखलेलं ते रान आज आपल्यासमोर आहे. जिथे वस्ती चढत चढत डोंगराच्या पोटाशी आली, तिथे या उतारांवर झाडं कशी राहिली, याचं निम्मं उत्तर तरी या पाण्यात आहे.

तिसरा टप्पा: लेणी

साडेनऊ-दहापर्यंत पायथ्याशी पोचाल. तिकीट काढायच्या आधी पाच मिनिटं बसा, पाणी प्या, स्वच्छतागृह वापरून घ्या. परतीची शेवटची बस किती वाजता हे इथेच एखाद्या चालकाला विचारून ठेवा. वर गेल्यावर वेळेचं भान राहत नाही.

इथे १०९ लेणी आहेत. सगळी बघायचा हट्ट धरलात तर वीस लेण्यांनंतर सगळी सारखीच वाटू लागतील. इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे हजारेक वर्षं इथे खोदकाम आणि वस्ती चालू होती. कल्याण, सोपारा, चौल या बंदरांचे व्यापारी पैसा देत आणि घाटाकडे जाणाऱ्या मालाच्या वाटा जवळ होत्या. डोंगराचं जुनं नाव कण्हगिरी, म्हणजे कृष्णगिरी, काळा डोंगर. त्यावरूनच कान्हेरी.

पायऱ्या चढून आधी क्रमांक ३ ला जा. हे चैत्यगृह, म्हणजे आत स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन. सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या काळातला लेख इथे आहे, म्हणजे इसवीसनाचं दुसरं शतक. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना सुमारे सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती उभ्या आहेत. त्या मागाहून, काही शतकांनी कोरल्या. दर्शनी भिंतीवर दात्यांची जोडपी आहेत. त्यांचे दागिने आणि फेटे निवांत बघा, पण तिथेच अडकू नका. आत जाऊन खांबांच्या माथ्यांवर टॉर्च मारा. काही खांब पुरे कोरलेले आहेत, पुष्कळ अर्धवट सोडलेले. कोरलेल्यांपैकी काहींवर हत्ती सोंडेत घागर धरून स्तूपावर, बोधिवृक्षावर पाणी ओतताना दिसतील. पाण्याच्या मागावर निघालेल्या माणसाला ही पावतीच मिळते.

तिथून ओढ्याच्या बाजूने ११ क्रमांकाकडे. याला दरबार म्हणतात, पण हा काही राजाचा दरबार नव्हता. लांबच लांब दालनात जमिनीपासून जेमतेम उचललेले दोन दगडी ओटे आहेत, पंगतीला पाट मांडावेत तसे समोरासमोर. भिक्षू इथे एकत्र बसत असावेत, पाठाला किंवा जेवणाला. मुलांना ओट्याशेजारी बसवून विचारा, हे कशासाठी असेल? उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

पोढ्या: यासाठीच आलो होतो

आता मोठी लेणी सोडा आणि एखादं साधं, लहान, कुणी न थांबणारं लेणं निवडा. समोर उभं राहून तीन गोष्टी शोधा.

एक, अंगणाच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला कातळात चौकोनी तोंड. ही पाण्याची टाकी. शिलालेखांत तिला "पोढी" म्हणतात, "पाणियपोढी". जवळजवळ प्रत्येक लेण्याला स्वतःची आहे. वाकून बघताना कडेला हात टेकू नका, कडा गुळगुळीत असतात आणि पाणी खोल असतं. लहान मुलाचा हात धरूनच ठेवा.

दोन, लेण्याच्या दर्शनी भागावर, छताच्या वर, कातळात कोरलेली बारीक चर. पावसाचं पाणी दारासमोर धारेने पडू नये म्हणून ते बाजूला वळवायला ती खोदलेली असते.

तीन, ती चर बोटाने हवेत गिरवत कुठे जाते ते बघा. ती उतरत उतरत पोढीच्या तोंडाशी येते. कधी मध्ये एक लहानसा खड्डा असतो, गाळ तिथे बसावा म्हणून. संपूर्ण डोंगराचा माथाच त्यांनी छतावरचं पाणी साठवायची योजना करून टाकली होती. चार महिने धो-धो पाऊस आणि आठ महिने ठणठणीत, हे गणित या लोकांनी छिन्नीने सोडवलं. ओढ्याच्या घळीत एका जुन्या बंधाऱ्याचे अवशेषही आहेत. सप्टेंबरात आलात तर त्याच चरांतून आजही पाणी धावताना दिसेल.

पोढी खोदून देणं हे मोठं पुण्याचं दान समजलं जाई. कल्याणच्या एका सोनाराने अशी पोढी दान दिल्याचा लेख इथे आहे. इथले पुष्कळ लेख असेच, कुणी खोली दिली, कुणी बाक दिला, कुणी पोढी. आपण ज्याला लेणं म्हणतो तो शब्दही या लेखांत "लेण" असाच येतो. दोन हजार वर्षांत एका अनुस्वाराची भर, बाकी शब्द तोच.

जमलं तर वर चढत जाऊन ४१ मध्ये अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व, बघा, भारतात असा फार क्वचित आढळतो. ३४ मध्ये छतावर अपुऱ्या राहिलेल्या चित्राच्या रेषा आहेत, मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं. ९० मध्ये एक गंमत आहे. १००९ आणि १०२१ साली इथे आलेल्या पारशी पाहुण्यांनी भिंतीवर पहलवी या जुन्या इराणी लिपीत आपली नावं कोरून ठेवली. हजार वर्षांपूर्वीचं ते "आम्ही येऊन गेलो" आज इतिहासाचं साधन झालंय. याचा अर्थ आपणही किल्ली काढून बदाम कोरावा असा होत नाही, तो गुन्हा आहे. टॉर्च रंगांवर फार वेळ रोखू नका आणि मूर्तींना हात लावू नका.

माथ्यावरच्या मोकळ्या कातळावरून खाली पसरलेलं रान आणि त्यामागे बोरिवलीचे टॉवर दिसतात. थकवा असला तरी तिथपर्यंत जा. पण बारानंतर तो कातळ तव्यासारखा तापतो, म्हणून हा भाग आधी उरका आणि खालची सावलीतली लेणी उतरताना ठेवा.

माकडं आणि बिबट्या

दोघांपैकी तुमचं नुकसान माकडंच करणार. कान्हेरीची माकडं पिशवीची चेन उघडतात, चिप्सच्या पुड्याचा आवाज लांबून ओळखतात. लेण्यांच्या परिसरात खाणं बाहेर काढू नका. जेवण पायथ्याशी, माणसांच्या घोळक्यात, भिंतीला पाठ लावून. माकडाने काही ओढलंच तर सोडून द्या, खेचाखेची केली की ते चावतं. आणि दया येऊन त्यांना बिस्किटं देऊ नका. पुढच्या माणसाच्या हातावर झडप घालायची सवय अशाच दयेतून लागते.

बिबटे इथे आहेत, आणि इतक्या कमी जागेत इतके बिबटे जगात फार थोड्या ठिकाणी आहेत. दिवसा, रस्त्यावर, बडबड करणाऱ्या माणसांना ते सहसा दिसत नाहीत. भीती बाळगायची नाही, रीत पाळायची. अंधार पडायच्या आत बाहेर पडा. मुलं मध्ये, मोठी माणसं पुढे-मागे. झुडपाच्या कडेला एकट्याने उकिडवं बसू नका, खाली वाकलेला माणूस त्याला माणसासारखा दिसत नाही. समोर आलाच तर पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, मुलाला उचलून घ्यायचं, ताठ उभं राहून मोठ्याने बोलत हळूहळू मागे सरकायचं. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ मोबाइलमध्ये भरून ठेवा. उरलेलं अन्न टाकू नका, त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

इथल्या वारली लोकांनी बिबट्याशी कधीच बोलणी केली आहेत. ते वाघ आणि बिबट्या दोघांनाही वाघोबाच म्हणतात आणि त्याचं ठाणं मांडून पूजा करतात. शेंदूर लावलेला असा एखादा दगड वा कोरीव फळी वाटेत दिसली तर ती कुणाचं तरी देवस्थान आहे. फोटो काढण्याआधी जवळ कोणी असेल तर विचारा, चपलांनी त्यावर चढू नका.

परत

साडेबारा-एकपर्यंत खाली उतरा, जेवा, आणि बस पकडा. पाय साथ देत असतील आणि हिवाळा असेल तर निम्मं अंतर चालत जायला हरकत नाही, पण दुपारी पक्षी गप्प असतात आणि रस्ता सकाळपेक्षा लांब वाटतो. आपला कचरा आपल्या पिशवीत, संत्र्याच्या सालीसकट.

बसमध्ये डावी-उजवीकडे बघत बसा. सकाळी ज्या ओढ्यावर थांबला होतात तो खिडकीतून पुन्हा दिसेल. गेटाबाहेर पडून हायवे ओलांडल्यावर वेळ असेल तर रिक्षाने दहिसरच्या पुलापर्यंत जा आणि सकाळच्या त्याच नदीकडे कठड्यावरून खाली बघा. नाकाला रुमाल लावावा लागेल.